रात्रीचा आराखडा : तारानकाशांची सॉफ्टवेअर आणि दुर्बिणीची चौकट

आकाशनिरीक्षणाचा हंगाम आपल्याकडे दसऱ्याच्या आसपास सुरू होतो आणि वळवाच्या पावसाबरोबर आटोपतो. त्यातून अमावास्येच्या आगेमागेच्या आणि सुटीला जोडून आलेल्या रात्री वेगळ्या काढल्या, तर हाताशी फार थोड्या उरतात. दुर्बीण गाडीत घालून शहराबाहेर जायचे, तासभर मांडामांड करायची आणि मग ‘आज काय बघू या?’ असे एकमेकांना विचारत बसायचे, ही चैन परवडण्यासारखी नसते. म्हणून अनुभवी निरीक्षक घरूनच आराखडा करून निघतात. कोणती वस्तू, किती वाजता, कुठल्या दिशेला, क्षितिजापासून किती अंशांवर आणि आपल्या आयपीसच्या किंवा कॅमेऱ्याच्या चौकटीत ती मावेल की नाही, हे सगळे निघण्याआधी ठरलेले असते.

हे काम पूर्वी छापील नकाशा, पंचांग आणि पट्टी-पेन्सिलीने होई. आता ते स्टेलेरियम, कार्ट द्यू सिएल, केस्टार्स, स्कायसफारी अशा सॉफ्टवेअरवर होते. छायाचित्रणापुरते टेलिस्कोपियस, अलादीन आणि ‘निना’ हे त्यांचे सोबती आहेत. यातली बरीचशी फुकट मिळतात. वापरावीत की नाही, हा वाद आता कुणी घालत नाही. वाद आहे तो त्यांच्यावर किती विसंबावे आणि ती नेमके काय सांगतात याबद्दल. त्या चर्चेची आजची स्थिती इथे मांडली आहे.

छापील नकाशापासून इथपर्यंत

विसाव्या शतकातल्या हौशी निरीक्षकाच्या पिशवीत बहुधा १९१० साली पहिल्यांदा निघालेला नॉर्टनचा तारानकाशा असे. नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे आणि त्यांच्या आधाराने शोधायच्या काही वस्तू, एवढी त्याची व्याप्ती. १९८१मध्ये विल तिरियन या डच नकाशाकाराचा ‘स्काय ॲटलस २०००’ आला आणि नकाशा आठव्या प्रतीच्या ताऱ्यांपर्यंत खोल गेला (प्रत म्हणजे तेजाची श्रेणी; आकडा मोठा, तसा तारा मंद). १९८७च्या ‘युरॅनोमेट्रिया २०००’मध्ये तीन लाखांहून अधिक तारे होते. हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजमापांवर आधारलेल्या, १९९७च्या ‘मिलेनियम स्टार ॲटलस’ने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. तीन जाडजूड खंडांचा तो संच शेतात, दवात, लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात उघडायचा म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. कागदी नकाशाची धाव जवळपास तिथेच संपली.

पुढची उडी कागदाला झेपणारी नव्हती. हबल दुर्बिणीला दिशा धरून राहता यावी म्हणून तयार केलेल्या मार्गदर्शक ताऱ्यांच्या यादीत सुमारे १ कोटी ९० लाख नोंदी होत्या. ही यादी सीडीवर मिळू लागली आणि घरगुती संगणकावरचे तारानकाशे छापील नकाशांच्या पुढे गेले. गाया उपग्रहाच्या २०२२च्या तिसऱ्या संचात सुमारे १८० कोटी स्रोत आहेत. तारा कुठे आहे, या प्रश्नाचे उत्तर हौशी दुर्बिणीच्या गरजेच्या कितीतरी पुढे जाऊन मिळाले आहे.

फॅबियन शेरो या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००१च्या सुमारास स्टेलेरियमचे काम सुरू केले. १.० हा क्रमांक त्याला २०२२मध्ये मिळाला. तोवर ते जगभर रुजलेही होते. त्याचे वैशिष्ट्य असे की ते नकाशा दाखवत नाही, आकाश दाखवते. जमिनीची कड दिसते, संधिप्रकाश दिसतो, क्षितिजाजवळ तारे मंदावतात. कार्ट द्यू सिएल मात्र जुन्या नकाशाच्या वळणाचे आहे. पांढऱ्यावर काळे ठिपके, दीर्घिकांना लंबवर्तुळे, तारकागुच्छांना तुटक वर्तुळे; छापून बरोबर न्यायला ते आजही बरे पडते. दोघांच्या चाहत्यांत अधूनमधून खटके उडतात, पण दोन्ही वापरणारेच जास्त भेटतील.

चौकटीच्या दृष्टीने खरा फरक पाडला तो मात्र तारायाद्यांनी नव्हे, छायाचित्रांनी. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश श्मिट दुर्बिणींनी काचेच्या तबकड्यांवर टिपलेले आकाश पुढे अंकीय रूपात आणले गेले. अख्ख्या आकाशाचे हे सर्वेक्षण आज कुणालाही पाहता येते. स्ट्रासबर्गच्या खगोलीय माहिती केंद्राने अलादीनच्या निमित्ताने अशी चित्रे तुकड्यातुकड्याने पाठवण्याची पद्धत घडवली आणि तीच आता इतर सॉफ्टवेअरमध्येही आली आहे. त्यामुळे लंबवर्तुळाच्या खुणेवर चौकट ठेवून अंदाज बांधण्याऐवजी खऱ्या तेजोमेघाच्या चित्रावर आपल्या कॅमेऱ्याचा आयत ठेवता येतो, फिरवता येतो, बाजूला सरकवता येतो.

चौकटीचे गणित

हे गणित सोपे आहे आणि ते सॉफ्टवेअरने करायच्या आधी एकदा हाताने करावे. कॅमेऱ्यासाठी संवेदकाची लांबी मिलिमीटरमध्ये घ्यायची, दुर्बिणीच्या फोकल लेंथने भागायची आणि ५७.३ने गुणायची, उत्तर अंशांत येते. आयपीससाठी आधी वर्धन काढायचे, मग आयपीसच्या स्वतःच्या दृश्यकोनाला त्याने भागायचे.

आपल्याकडे बऱ्याच गटांत आठ इंची डॉब्सोनियन असते. फोकल लेंथ १२०० मिमी. तिला २५ मिमीचे साधे प्लॉसल लावले तर वर्धन ४८ येते. आयपीसचा दृश्यकोन ५२ अंश धरला तर आकाशाचा १.०८ अंशांचा गोल दिसतो, म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवल्याएवढा. मृगातला मोठा तेजोमेघ त्यात बरोबर बसतो. कृत्तिका? ठळक तारे जेमतेम काठाला टेकतात आणि बाकीचा पसारा बाहेर राहतो. त्याच दुर्बिणीला ३२ मिमीचे आयपीस लावले की गोल १.४ अंशांचा होतो आणि कृत्तिकांभोवती काळे आकाश दिसू लागते. गुच्छ गुच्छासारखा दिसायला ते आकाश लागतेच.

छायाचित्रणात हा हिशेब जास्त काटेकोर होतो. देवयानी दीर्घिकेचे नोंदलेले आकारमान सुमारे ३.२ अंश गुणिले १ अंश आहे. ६०० मिमीची दुर्बीण आणि एपीएस-सी संवेदकाचा कॅमेरा घेतला तर चौकट २.१ गुणिले १.४ अंशांची मिळते. दीर्घिका कर्णावरही मावत नाही; दोन तुकडे घेऊन जोडायला हवेत. ४०० मिमीला तीच चौकट ३.२ गुणिले २.१ होते. इथे कॅमेऱ्याचा कोन महत्त्वाचा ठरतो. लांब बाजू दीर्घिकेच्या अक्षाला समांतर ठेवली तर दोन्ही टोके काठाला चिकटतात. कर्णावर तिरकी ठेवली तर टोकांना मोकळी जागा राहते आणि शेजारच्या दोन उपदीर्घिकाही व्यवस्थित येतात. हे अंधारात, थंडीत, कॅमेरा हाताने फिरवून शोधायचे म्हटले तर पाऊण तास सहज जातो. घरी पडद्यावर दोन मिनिटे लागतात. फ्रेमिंगच्या सोयीचे समर्थक नेमके याच दोन मिनिटांकडे बोट दाखवतात.

तीन भूमिका

पहिली भूमिका ‘सगळे आधी ठरवा’ असे म्हणणाऱ्यांची. हे बहुतेक छायाचित्रकार. एका वस्तूवर चार-सहा तासांचा प्रकाश गोळा करायचा, तर ती कधी तीस अंशांच्या वर येते, मध्यान्हवृत्त कधी ओलांडते, चंद्र कधी उगवतो, हे आधी कळलेच पाहिजे. मध्यान्हवृत्त ओलांडताना जर्मन विषुववृत्तीय बैठकीला दुर्बीण दुसऱ्या बाजूला घ्यावी लागते आणि चित्र १८० अंशांत उलटते. तो खंड कुठे पडणार हेही आराखड्यातच धरलेले असते. दोन-तीन रात्री एकाच वस्तूवर खर्चायच्या असतील तर दर वेळी कोन तंतोतंत तोच हवा, नाहीतर जोडताना कडा कापाव्या लागतात. निनासारख्या सॉफ्टवेअरमध्ये चौकट ठरवली की तीच पुढे दुर्बिणीला आज्ञा म्हणून जाते, म्हणजे आराखडा आणि अंमलबजावणी यांत माणूस उरत नाही. ज्यांना नोकरी सांभाळून महिन्याकाठी एखादीच रात्र मिळते, त्यांना हा युक्तिवाद पटतो, आणि पटावा असाच आहे.

दुसरी भूमिका डोळ्यांनी पाहणाऱ्यांची. त्यांचा सॉफ्टवेअरला विरोध नाही, पडद्याला आहे. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा एक पांढरा झोत ती सवय क्षणात मोडतो. लाल पडदा केला तरी उजेड तो उजेडच. त्याहून महत्त्वाचा त्यांचा मुद्दा शिकण्याचा आहे. शर्मिष्ठेच्या टोकदार बाजूने देवयानीकडे, तिथून ताऱ्यामागून तारा धरत दीर्घिकेपाशी जाताना जे आकाश पाठ होते, ते बाण दाखवणाऱ्या ॲपने होत नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ची, मुंबईचे खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या सुमाराचे; या आणि अशा संस्थांच्या आकाशदर्शनात सुरुवात नक्षत्रे नुसत्या डोळ्यांनी ओळखण्यापासून होते, त्यामागे हाच विचार आहे. हे निरीक्षक आराखडा करतात, पण तो यादीच्या रूपात. प्रत्येक वस्तूपाशी दोन-तीन खुणेचे तारे लिहिलेले, आणि त्या रात्री आकाश कसे आहे ते पाहून यादी वरखाली करायची मोकळीक ठेवलेली.

तिसरी भूमिका अलीकडची: आराखडा यंत्रावर सोपवा. तिच्या मुळाशी आकाशाच्या छायाचित्रावरून दिशा ओळखण्याचे तंत्र आहे. ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट या प्रकल्पाने ते सर्वांना खुले केले. त्याचा शोधनिबंध २०१०चा. चित्रातले चार-चार तारे घेऊन त्यांच्या परस्पर अंतरांची एक आकृती तयार करायची आणि साठवलेल्या आकृत्यांशी ताडून पाहायची, ही त्याची युक्ती. काही सेकंदांत कॅमेरा नेमका कुठे बघतो आहे, किती कोनात फिरलेला आहे, हे कळते. सेलेस्ट्रॉनने २०२०मध्ये मोबाइलचा कॅमेरा वापरून हेच तंत्र हाताने फिरवायच्या दुर्बिणींवर आणले. २०२३च्या सीस्टार एस-५०सारख्या छोट्या स्वयंचलित दुर्बिणीत तर नकाशा, शोध, चौकट आणि छायाचित्र एकाच ॲपमध्ये आहे. अवघ्या ५० मिमी व्यासाची ही दुर्बीण १.३ गुणिले ०.७ अंशांची चौकट देते आणि त्या रात्री दिसण्याजोग्या वस्तूंची यादी आपणहून पुढे करते.

या तिसऱ्या भूमिकेवर आक्षेप आहेत. यादी सर्वांना सारखीच मिळते, म्हणून सगळे तीच पंधरा-वीस चित्रे काढतात, अशी तक्रार असते. शिवाय अशा दुर्बिणी साध्या आडव्या-उभ्या बैठकीवर चालतात, त्यामुळे तासागणिक चौकट आकाशाच्या मानाने फिरत जाते आणि कोपरे वाया जातात. बाजू घेणारे म्हणतात, इमारतीच्या गच्चीवरून ज्या मुलीने पहिल्यांदाच रिंग तेजोमेघ स्वतः टिपला, तिच्यासाठी कोपरे हा प्रश्नच नाही. मला दोन्ही बाजू ऐकताना जाणवते ते हे की त्या एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. एकाला निरीक्षक घडवायचा आहे, दुसऱ्याला चित्र हवे आहे.

नकाशा कुठे फसवतो

तारे अचूक आहेत म्हणून बाकी सगळे अचूक असेलच असे नाही. पहिली गफलत सहनिर्देशकांची. पृथ्वीचा अक्ष डुलत असल्यामुळे विषुवांश आणि क्रांतीची जाळी वर्षाला सुमारे ५० विकला सरकते. याद्या बहुधा २००० सालच्या जाळीवर दिलेल्या असतात. पुष्कळशा बैठकी आजच्या जाळीवर चालतात. पंचवीस वर्षांत फरक एकवीस कलांच्या आसपास, म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या दोन तृतीयांशाहून जास्त झाला आहे. सॉफ्टवेअर आणि बैठक एकमेकांशी थेट जोडलेली असली तर हे आपोआप मिटते. आकडे हाताने भरले तर अर्ध्या अंशाच्या चौकटीतून वस्तू सहज निसटते.

दुसरी गफलत याद्यांची. ड्रायरच्या १८८८च्या एनजीसी यादीत ७८४० नोंदी आहेत आणि त्यांतल्या कित्येक दुहेरी, काही चुकीच्या जागच्या. एकशृंगी तारकासमूहातला रोझेट तेजोमेघ घ्या. त्याच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळे क्रमांक आहेत. २२३७ हा क्रमांक मुळात एका बाजूच्या भागाचा, तर मधल्या तारकागुच्छाचा क्रमांक २२४४. शोधपेटीत २२३७ टाकले की काही सॉफ्टवेअर तेजोमेघाच्या मध्यावर नेतात, काही पश्चिमेच्या कडेवर. सवा अंशाच्या तेजोमेघाची चौकट बसवताना हा फरक लहान नसतो. जाणकार म्हणूनच अशा वस्तूंसाठी २२४४ लिहितात. ही माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मदतपानावर ठळकपणे नसते.

कॅमेऱ्याच्या कोनाबाबतही गोंधळ आहे. उत्तरेकडून पूर्वेकडे मोजायचा, हा खगोलशास्त्राचा नियम. पण काही ठिकाणी आकाशाचा कोन दिलेला असतो तर काही ठिकाणी कॅमेऱ्याचा, आणि दोन्हींची दिशा उलट. एका सॉफ्टवेअरमध्ये ठरवलेली चौकट दुसऱ्यात नेली की ३५चे ३२५ होते. डोळ्यांनी पाहणाऱ्यांचे दुखणे आरशाचे. न्यूटनियन दुर्बीण चित्र पूर्ण उलटे दाखवते, तर काटकोनी आरसा लावलेली अपवर्तक दुर्बीण डावे-उजवे बदलते. पडद्यावरची आकृती तशी फिरवून घेतली नाही तर समोर दिसत असलेले तारेही ओळखू येत नाहीत.

धूमकेतूंचे तर विचारूच नका. त्यांच्या कक्षेचे आकडे वारंवार बदलतात. महिनाभर जुनी फाइल घेऊन निघाले तर चौकट रिकामी निघू शकते. जागा तरी ताज्या आकड्यांनी सुधारते, तेजस्वितेचे सूत्र मात्र नुसता अंदाज असतो. आयसॉन धूमकेतूकडून केवढ्या अपेक्षा होत्या, आणि नोव्हेंबर २०१३मध्ये सूर्याजवळून जाताना तो विखरून गेला. सॉफ्टवेअर त्याला पुढेही दाखवत राहिले.

न सुटलेला प्रश्न : प्रकाश

वरच्या चुका सुधारता येण्याजोग्या आहेत आणि हळूहळू सुधारतही आहेत. खरी अडचण वेगळी आहे. सॉफ्टवेअरला भूमिती येते, उजेड येत नाही.

दीर्घिकेचे आकारमान म्हणजे काय, हे आधी पाहू. तिच्या कडेला रेघ नसते. प्रकाश विरळ होत जातो. म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी एक सोयीची हद्द मानली आहे. चौरस विकलेमागे तेज पंचविसाव्या प्रतीइतके कमी होते, तिथे दीर्घिका संपली असे धरतात. देवयानीचे ३.२ अंश हे असे मोजलेले आहेत. आता निसर्गतः काळ्याकुट्ट आकाशाचे स्वतःचे तेज चौरस विकलेमागे बाविसाव्या प्रतीच्या जवळ असते. मोठ्या शहराच्या आकाशाचे अठराव्या प्रतीचे किंवा त्याहूनही उजळ. चार प्रतींचा फरक म्हणजे जवळजवळ चाळीस पट उजेड. त्या उजेडात दीर्घिकेची बाहेरची चकती बुडून जाते. उपनगरातून दुर्बिणीला डोळा लावला तर दिसतो तो मधला गाभा, फार तर अंशाच्या काही भागाएवढा. पडद्यावर मात्र सर्वेक्षणाचे चित्र चौकट भरून दिमाखात बसलेले असते. चौकट बरोबर आहे. त्या चौकटीत दिसणार काय, हे चूक आहे.

प्रतीच्या आकड्यानेही असाच चकवा बसतो. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही दीर्घिका ५.७ प्रतीची, स्वरमंडलातला रिंग तेजोमेघ ८.८ प्रतीचा. यादी प्रतीनुसार लावली तर एम ३३ कितीतरी वर येते. पण तिचा प्रकाश एका अंशाहून लांब पसरलेला, तर रिंगचा जेमतेम दीड कलेत एकवटलेला. म्हणून रिंग ठाण्याच्या गच्चीवरूनही सापडतो आणि एम ३३ चांगल्या आकाशाखालीही नवख्याला झुलवते. काही सॉफ्टवेअर पृष्ठतेजाचा आकडा देतात, पण तो सरासरी असतो. गाभा उजळ आणि बाहू मंद असलेल्या वस्तूला सरासरी काय सांगणार?

यावर उपाय सुचवले गेले आहेत. स्टेलेरियममध्ये प्रकाशप्रदूषणाची पातळी निवडता येते. जॉन बॉर्टल यांनी २००१मध्ये मांडलेली नऊ पायऱ्यांची मोजपट्टी त्यासाठी सर्रास वापरतात. २०१६मध्ये फाल्ची आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम उजेडाचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला आणि नियोजनाच्या अनेक साधनांनी तो उचलला. मात्र असा नकाशा डोक्यावरच्या आकाशाचा आकडा देतो. वस्तू दक्षिणेला पंचवीस अंशांवर असेल आणि त्याच बाजूला शहर असेल, तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. त्यातून सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, म्हणजे उजेडाचा रंगही बदलला.

छायाचित्रकारांनी अरुंद पट्ट्यांच्या फिल्टरने यातून अर्धी वाट काढली आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा प्रकाश तेवढा आत घेतला की शहरातूनही रोझेट टिपता येतो. दीर्घिकांना ही वाट नाही. त्यांचा प्रकाश साऱ्या रंगांत विखुरलेला असतो. एकाच गच्चीवरून एक वस्तू शक्य आणि दुसरी अशक्य, हा निवाडा फिल्टरवर ठरतो आणि तो सॉफ्टवेअरच्या यादीत क्वचितच उतरतो. किती तास प्रकाश गोळा केला म्हणजे पुरे, यावर तर सूत्रे बरीच आणि एकमत शून्य.

माझ्या मते सर्वेक्षणाचे चित्र हा फ्रेमिंगचा सर्वांत मोठा लाभ आणि सर्वांत मोठा धोकाही आहे. निष्णात माणूस ते चित्र जागेपुरते वाचतो. नवखा त्याला वचन समजतो आणि पहिल्याच रात्री हिरमुसतो.

आपल्या अक्षांशावरून

‘या महिन्यात काय पाहाल’ अशा तयार याद्या बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या चाळीस-पन्नास अंशांवरच्या निरीक्षकांसाठी केलेल्या असतात. सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण पुणे ठेवले तरी आतल्या शिफारशींचा साचा तोच राहतो. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा सर्वांत भव्य गोलाकार तारकागुच्छ पन्नास अंश उत्तरेवरून उगवतच नाही. महाराष्ट्रातून तो एप्रिलमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला साडेतेवीस अंशांपर्यंत चढतो. नौकातल तारकासमूहातला कॅरिना तेजोमेघ अकरा अंशांपर्यंत येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच ठळक दिसतात, पण अकरा अंशांवर नजर डोक्यावरच्या मानाने पाचपट हवेतून जाते आणि साडेतेवीस अंशांवर अडीचपट. त्यात मार्च-एप्रिलची धूळ. एकाची चौकट आखावी, दुसऱ्यासाठी दक्षिण क्षितिज मोकळे असलेली जागा आधी शोधावी. कोकणचा किनारा त्यासाठी चांगला, फक्त दमटपणाची तयारी हवी.

उत्तरेला ध्रुवतारा आपल्याकडे एकोणीस अंशांवरच असतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी मुक्काम असला तर बैठक जुळवायला लागणारा तोच तारा डोंगराआड गेलेला असू शकतो. जागेच्या क्षितिजाची खरी रेषा मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरता येते. ते कष्ट फार थोडे जण घेतात.

आणि पाऊस. धनु राशीतले लगून, ट्रिफिड हे तेजोमेघ आणि आकाशगंगेचा गाभा मध्यरात्री मध्यान्हवृत्तावर येतात ते जून-जुलैत. जगभरच्या याद्या त्यांना उन्हाळ्याचे मानबिंदू म्हणतात. आपण तेव्हा छत्री घेऊन हिंडत असतो. आपल्या वाट्याला त्यांच्या दोनच वेळा येतात, एप्रिल-मेमधली उत्तररात्र आणि ऑक्टोबरमधला तिन्हीसांजेनंतरचा तास-दोन तास. २०२०चा निओवाइज धूमकेतू उत्तर गोलार्धाने जुलैत डोळे भरून पाहिला, महाराष्ट्राने ढग पाहिले. २०२४चा त्सुचिनशान-ॲटलास नेमका पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी पश्चिमेला आला, म्हणून लाभला. उन्नतांशाचा आलेख देणारे कुठलेही साधन हा हिशेब मांडत नाही. तो आपणच कॅलेंडरवर करायचा असतो.

अंधाऱ्या जागांची बाजू थोडी आशादायक आहे. लडाखमध्ये हानले परिसराला २०२२मध्ये संरक्षण मिळाले आणि जानेवारी २०२४मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतात पहिल्यांदाच. विदर्भातल्या निरीक्षकांना आता मोजलेल्या अंधाराखाली आराखडा ताडून पाहता येईल.

उणीव आहे ती नोंदींची. आपल्याकडे दर हंगामात शेकडो लोक चौकटी आखतात, चित्रे काढतात, आणि चित्राखाली दुर्बीण, कॅमेरा, तास एवढेच लिहितात. आखलेल्या चौकटीतले प्रत्यक्षात किती दिसले, कुठल्या जागेवरून, वस्तू किती अंशांवर असताना, आकाशाचे मोजलेले तेज किती होते, हे लिहून ठेवले जात नाही. आकाशाचे तेज मोजणारे छोटे यंत्र बहुतेक मोठ्या गटांपाशी असते. येत्या हंगामात प्रत्येक गटाने ठरावीक वीस वस्तू घ्याव्यात आणि प्रत्येकीसमोर या चार नोंदी कराव्यात. दोन-तीन वर्षांत एकोणीस अंशांवरच्या आकाशाची, आपल्या उजेडाची आणि आपल्या महिन्यांची यादी तयार होईल. कार्ट द्यू सिएल आणि स्टेलेरियम दोन्हींत स्वतःची यादी भरायची सोय आजही आहे.